करवती साडी: घडी की टांगणी?

गटाच्या प्रदर्शनात करवती साड्या (काठाला करवतीसारखे दात असलेल्या, टसर रेशमाच्या) घडी घालून ठेवायच्या की टांगायच्या, असा प्रश्न आहे. टांगाच, पण भिंतीला टेकवून नको. ही साडी तीन धोट्यांवर (धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन) विणतात: मधल्या टसरला एक, दोन्ही काठांच्या सुताला एकेक. काठाचा आणि अंगाचा आडवा धागा जिथे एकमेकांत अडकतो, तिथेच करवतीचे दात उमटतात. ते दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजेत. छापील नक्कल मागच्या बाजूलाच उघडी पडते.

बारीक दोरी नको, वळ पडतो. जाड पाइपला धुतलेला मांजरपाट गुंडाळून त्यावर सोडा. टाचण्या तर अजिबात नकोत, गंजाचा डाग टसरवरून निघत नाही. शेजारी टसरच्या कोशांची टोपली ठेवा. ऐन-अर्जुनाच्या झाडांच्या पाल्यावर वाढलेल्या अळीचा कोश हातात घेतला की किंमतीवर घासाघीस कमी होते.