बुडालेल्या जहाजावर गटाने डायव्हिंग: निम्मे प्रशिक्षित, निम्मे नवखे आणि परतीला आंबोली घाट. मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आम्ही गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध परिसरातील मंडळी आहोत. तलावात कोणी बुडाले की ज्यांना आधी बोलावणे येते, अशा पोहणाऱ्यांचा आमचा ११ जणांचा गट आहे. धानाची मळणी आटोपल्यावर डिसेंबरात गोव्याला जाऊन, ग्रँड आयलंडजवळच्या ‘सुझीज रेक’ या बुडालेल्या जहाजावर बोटीने डायव्हिंगला जाण्याचे ठरत आहे. पाच जणांनी तारकर्लीला ‘ओपन वॉटर’ हा स्कुबाचा पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. उरलेल्या सहा जणांनी स्कुबाचा सिलिंडर पाठीवर कधी घेतलेलाच नाही.

सहल आयोजित करणाऱ्याचे म्हणणे असे की, बोट एकच असल्यामुळे सगळ्यांना जहाजावर नेऊ, शक्य झाल्यास आतही शिरू आणि प्रत्येकाचा व्हिडिओ काढून देऊ. मला हे पटत नाही. हे जहाज १८ मीटरच्या आतच, म्हणजे ओपन वॉटरच्या मर्यादेत असले, तरी गंजलेले धारदार पत्रे, अडकून राहिलेली मासेमारीची जाळी आणि पाय लागताच उठणारा गाळ उथळ पाण्यातही असतोच. शिवाय डोक्यावर छत असलेल्या जागेत शिरायचे तर वेगळे प्रशिक्षण, विजेरी आणि परतीची वाट दाखवणारी दोरी लागते, आणि यातले आमच्या प्रशिक्षित पाच जणांकडेही काही नाही. सहा नवख्यांनी प्रशिक्षकाचा हात धरून दुसऱ्या उथळ जागी उतरावे आणि पाच जणांनी जहाज बाहेरूनच पाहावे, असे मी सुचवले. पण वर्गणी सर्वांची सारखी असल्याने त्यावरून थोडी कुरबुर झाली.

‘आम्हाला काय पाणी शिकवता’ हा खरा अडसर आहे. आमच्यातला एक तरुण बोडीत (लहान तळ्यात) अडकलेले जाळे सोडवायला खाली जातो, तेव्हा ओठ घट्ट मिटून इतका वेळ श्वास धरतो की वर एक बुडबुडा येत नाही, आणि काठावरचे लोक त्याचे कौतुक करतात. स्कुबात नेमकी हीच सवय घातक ठरते. समुद्रात १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून छाती भरून घेतलेली हवा श्वास धरून वर आणली, तर ती दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. बोडीत तो वरची हवा घेऊन खाली जातो, म्हणून त्याला हे कधी जाणवलेले नाही. अशा मुरलेल्या पाणबुड्यांना सतत श्वास घेत-सोडत राहण्याची सवय कोणी लावली असेल, तर ती कशी लावली आणि त्यासाठी तरणतलावातील एक सत्र पुरते का, हे कृपया सविस्तर लिहावे.

दुसरा प्रश्न परतीचा आहे. भाड्याची गाडी दुसऱ्या डाइव्हनंतर त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे निघणार आहे. एकाहून अधिक डाइव्ह झाल्यास, शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून विमानप्रवासापूर्वी किमान १८ तास थांबावे, हे आम्हाला शिकवले आहे, आणि हे बंधन सुमारे ६०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर रस्त्याने जाण्यालाही लागू होते असे मी समजतो. आंबोली तर ७०० मीटरच्या जवळपास आहे. चालक एका रात्रीच्या मुक्कामाचे जादा पैसे मागत आहे. डाइव्ह उथळ असल्या तरी मुक्काम करावाच, असे माझे मत आहे. मात्र घाटमाथ्यावरून किंवा त्यापलीकडून नियमित येणारे डायव्हर प्रत्यक्षात काय करतात, हे कळल्यास गटाला समजावणे सोपे जाईल.

तिसरी बाब आमच्या भागापुरती असली, तरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. आमच्यातील दोघे ‘एएस’ म्हणजे वाहक आहेत. त्यांना एरवी कोणताही त्रास नाही. डायव्हिंगपूर्वीच्या आरोग्य अर्जात हे लिहावेच, असे मी त्यांना सांगितले आहे, परंतु आयोजकाने ‘काही लिहू नका, उगाच अडेल’ असा सल्ला दिला. शरीरातले पाणी आणि प्राणवायू कमी होणे सिकलसेलमध्ये बाधते, आणि उन्हात बोटीवर उलट्या होऊन पाणी कमी होण्याची शक्यता आमच्यासारख्या समुद्र न पाहिलेल्यांना अधिकच. वाहकांनी कोणत्या डॉक्टरांकडून, कोणत्या तपासण्यांनंतर प्रमाणपत्र घ्यावे? आणि उलटीच्या ज्या गोळीने गुंगी येते, ती घेऊन पाण्यात उतरावे का?

जाता जाता, आयोजकाला जवळचे रिकम्प्रेशन चेंबर (डायव्हिंगच्या इजेवर उपचाराचा दाबकक्ष) आणि बोटीवरील प्राणवायूच्या सोयीबद्दल विचारले असता ‘आजवर गरज पडली नाही’ एवढेच उत्तर मिळाले. विसार अजून दिलेला नाही. गटाची बैठक रविवारी आहे, त्यापूर्वी निदान सिकलसेलच्या प्रश्नावर जाणकारांचे उत्तर मिळाल्यास उपकार होतील.