पुड्यांनी दुखणं पळतं, पण...
हळद-दूध आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या सुरू केल्यावर संधिवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी बंद करता येईल का, असं विचारलंत. नका करू! माझ्या आईनं केलं होतं. कुणीतरी दिलेल्या बिनलेबलच्या पुड्यांनी चार दिवसांत ठणका पळाला आणि दोन महिन्यांत चेहरा गोल गरगरीत. पुड्यांत स्टिरॉइड निघालं. माशाच्या तेलानं दुखणं थोडं हलकं होतं, पण सांध्यांची झीज रोखते ती मेथोट्रेक्सेटच. आता आई सकाळी कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसते, बोटं वळायला लागली की मग कणीक मळायला घेते. आणि हो, गुळवेलीचा काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगाच. त्यानं यकृत बिघडल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत, आणि मेथोट्रेक्सेटचा भारही यकृतावरच.