फॉर्म दिसला की पोस्ट? हे कुठून शिकलात?

अर्धविराम:
वेबफॉर्मची माहिती सर्व्हरकडे पाठवायच्या दोन पद्धती (मेथड): गेटमध्ये ती यूआरएलमध्ये, म्हणजे पानाच्या पत्त्यातच, प्रश्नचिन्हापुढे (क्वेरी) जाते; पोस्टमध्ये पत्त्याबाहेर, रिक्वेस्टच्या पोटात (बॉडी). काल एकाने ठणकावून लिहिलं: गेट असुरक्षित, पोस्ट सुरक्षित, म्हणून प्रत्येक फॉर्मला डोळे झाकून पोस्ट लावा. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

साध्या एचटीटीपीवर पोस्टची बॉडीही वाटेतला कुणीही वाचू शकतो. एचटीटीपीएसवर गेटची क्वेरीसुद्धा एन्क्रिप्ट होऊनच जाते. खरा फरक वेगळाच आहे. गेट म्हणजे विचारणं, पोस्ट म्हणजे काहीतरी घडवणं. आमच्या शोधाच्या पानाला कुणीतरी पोस्ट लावून ठेवलं होतं. पाच फिल्टर लावून हवी ती यादी काढायची, लिंक सहकाऱ्याला पाठवायची, आणि त्याच्याकडे रिकामं पान! बुकमार्क नाही, आणि बॅक दाबलं की 'फॉर्म पुन्हा पाठवायचा का?'. दोन वर्षं लोकांनी हे सोसलं.

लॉगवाचक:
एचटीटीपीएस वाटेपुरतं. पोचल्यावर काय? यूआरएल अ‍ॅक्सेस लॉगमध्ये (सर्व्हरवरच्या नोंदवहीत) बसतो, ब्राउझरच्या हिस्टरीत बसतो. आमच्या लॉगिन फॉर्मला मेथड लिहिलेलीच नव्हती, सगळं जावास्क्रिप्ट बघायची. एके दिवशी स्क्रिप्ट लोड झाली नाही. मेथड नसली की ब्राउझर गेट धरतो. लॉग उघडला तर प्रश्नचिन्हापुढे युजरनेम आणि पासवर्ड, ओळीमागून ओळी. शनिवार-रविवार लॉग पुसण्यात आणि पासवर्ड रीसेट करण्यात गेला. डोळे झाकून पोस्ट परवडलं.

अर्धविराम:
पासवर्ड गेटने पाठवा असं मी कुठे म्हटलं? आधी नीट वाचा. डोळे झाकण्याचं दुसरं टोकही बघा. २००५ साली गूगल वेब ॲक्सिलरेटर आला. तो पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचा. ज्यांनी 'डिलीट' साध्या लिंकवर ठेवलं होतं, त्यांच्याकडच्या लोकांच्या नोंदी उडाल्या. गेटने काही बदलत नाही, या भरवशावर ब्राउझर आणि क्रॉलर (आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्रॅम) चालतात.

रिफ्रेश_नको:
तुम्ही दोघं मूळ रोग सोडून भांडताय. पोस्ट झाल्यावर तिथेच पान दाखवतात, हा रोग! रिफ्रेश केलं की ऑर्डर दुसऱ्यांदा. ३०३ (सर्व्हरचं 'आता या पत्त्यावर जा' हे उत्तर, म्हणजे रीडायरेक्ट) देऊन गेटच्या पानावर न्या. तीन नोकऱ्यांत हेच सांगून घसा बसला.

लॉगवाचक:
३०३ने रिफ्रेश सुटतो, डबल क्लिक नाही. रीडायरेक्ट यायच्या आत दोन्ही रिक्वेस्ट गेलेल्या असतात. फॉर्ममध्ये एकदाच चालणारं टोकन, म्हणजे खुणेचा कोड, हवं; तीच खूण परत आली की सर्व्हरने नाकारायची.

रिफ्रेश_नको:
टोकन मला शिकवू नका. एका बाईंचे फीचे पैसे दोनदा कापले गेले, तो फोन मी घेतला होता. त्यांनी डबल क्लिक केलं नव्हतं. पान अडकलंय असं वाटून रिफ्रेश केलं, ब्राउझरने विचारलं, घाबरून 'हो' दाबलं. टोकन हवंच, मान्य. पण तो प्रश्न माणसासमोर यायलाच नको, म्हणून ३०३ आधी.

नवी_नोकरी:
माझा रिपोर्टचा फॉर्म फक्त वाचतो, पण त्यात चारशे लांबलचक आयडी निवडता येतात. गेट लावलं तर ४१४ ('यूआरएल फार लांब' ही एरर) येतो.

अर्धविराम:
येणारच. अपाचे या वेब सर्व्हरची रिक्वेस्ट लाइनची (यूआरएल असलेल्या पहिल्या ओळीची) मूळ मर्यादा ८१९० बाइट. निवड पोस्टने साठवा, तिला छोटा आयडी द्या आणि ३०३ने त्या आयडीच्या गेटवर न्या. लिंकही टिकते.

रिफ्रेश_नको:
म्हणजे शेवटी ३०३च.

लॉगवाचक:
साधा शोध गेटने, ठीक, तेवढं सोडतो. पण रुग्णाच्या नावाने शोध असेल तर?

अर्धविराम:
तिथे पोस्ट. पण कारण 'गेट असुरक्षित' हे नाही, यूआरएल साठून राहतो हे आहे.

लॉगवाचक:
ज्याचं नाव लॉगमध्ये सापडलं त्याला हा फरक समजावून सांगा.

अर्धविराम:
तुमचं वाचून आमचा लॉगिन फॉर्म उघडला. त्यालाही मेथड नव्हती. आत्ता लिहिली.