मदत हवी आहे: अब्रुनुकसानीच्या नोटिशीला उत्तर देताना कागद जोडावेत का?

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या रस्त्याच्या डांबरीकरणावर मी फेसबुकवर लिहिलं. उखडलेल्या कडेला पट्टी लावून काढलेला फोटो, शेजारी माहिती अधिकारात मिळालेलं मोजमाप पुस्तिकेचं (झालेल्या कामाची मापं नोंदवायची सरकारी वही) पान आणि खाली एकच ओळ: 'उरलेला थर कुठं गेला?' ठेकेदाराच्या वकिलाची नोटीस आली. माफी मागा, पोस्ट काढा, 25 लाख द्या, नाहीतर भारतीय न्याय संहितेचं कलम 356, म्हणजे अब्रुनुकसानीचा फौजदारी गुन्हा.

सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये हा गुन्हा वैध ठरवला, हे माहीत आहे. नव्या संहितेतही तो तसाच आहे, समाजसेवेच्या शिक्षेची तेवढी भर. निव्वळ दिवाणी बाब करायला काय हरकत होती, कोण जाणे!

एका वकिलांना भेटलो. 'माफी मागून मोकळे व्हा' म्हणाले. ते करायचं नाही. पोस्टही काढणार नाही. मजकूर खरा आणि लोकहिताचा, म्हणजे या कलमाचा पहिला अपवाद लागू होतो असं मला वाटतं. मूळ कागद जपून ठेवलेत.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 223 नुसार तक्रारीची दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकतात. त्या टप्प्यावर दंडाधिकारी आपले कागद बघतात, की खरेपणा खटल्यातच सिद्ध करावा लागतो? आणि नोटिशीच्या उत्तरातच ते जोडावेत, की हातचे राखावेत?