मदत हवी आहे: शाळेच्या वहीत ११८, मंडळात ६१. लेकरांचा आकडा कुणी धरेल का?

मांजराकाठी:
नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. जून २०२३ पासून आमची लेकरं शाळेच्या आवारात रोज पाऊस मोजतात. पर्जन्यमापक साधाच आहे. वर नरसाळं, आत बाटली, मोजायला काचेचं मोजपात्र. सकाळी साडेआठला मोजायचं आणि वहीत तारीख, मिलिमीटर, मोजणाऱ्याचं नाव लिहायचं. पहिल्याच वर्षी ऑगस्ट असा कोरडा गेला की लेकरं शून्य लिहून लिहून वैतागली. एकाने तर पुढच्या आठवड्याची शून्यं आगाऊच लिहून ठेवली होती. (आता हायस्कुलात गेलाय, तो विषय काढला की पळतो.) पण वही सुटली नाही.

आता अडचण सांगतो. महसूल मंडळाचं (म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचं) पाऊस मोजणारं स्वयंचलित केंद्र आमच्यापासून नऊ किलोमीटरवर आहे. गेल्या पावसाळ्यात, २०२५ च्या ऑगस्टात, एका सकाळी वहीत ११८ मिमी लागला. सहा वेळा मोजपात्र भरून ओतलं, मी स्वतः शेजारी उभा होतो. त्याच दिवशी मंडळाचा आकडा आला ६१. नुकसानीच्या मदतीसाठी अतिवृष्टी धरायला २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस लागतो, म्हणजे आम्ही चार मिलिमीटरने हुकलो. वहीची बातमी पारावर पोचली आणि तेव्हापासून रोज कुणी ना कुणी विचारतं, "गुरुजी, लेकरांच्या वहीत एकशे अठरा लिवलंय, मग आमचं सोयाबीन काय नळाच्या पाण्यानं सडलं का?"

विचारायचं हे की अशी वही कुठे ग्राह्य धरतात का? कुणाकडे द्यावी? आणि देण्याआधी काय तयारी करावी?

गोदाकाठचा:
सर, विचार कसला करताय? वहीची झेरॉक्स काढा, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि थेट जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाका. नऊ किलोमीटरवरच्या डब्याने आमचा पाऊस ठरवायचा म्हणजे थट्टाच आहे.

निवृत्त निरीक्षक:
गोदाकाठचा, जरा दम धरा. सर, आधी चार गोष्टी सांगा. यंत्र उघड्यावर आहे का? आसपास झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर हवं. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास किती? मोजपात्र सुरुवातीपासून तेच आहे का? आणि मंडळाशी तुलना फक्त त्या एकाच दिवसाची केलीत की सगळ्या दिवसांची?

तारखेचंही बघा. आज सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस आजच्याच तारखेला लिहायचा, जरी तो काल संध्याकाळी पडला असला तरी. इथे पुष्कळ जण घसरतात.

मांजराकाठी:
यंत्र मैदानाच्या मधोमध आहे, लिंबाचं झाड लांब. तारीख तुम्ही म्हणता तशीच लिहितो. व्यास आज टेपने मोजला, १६ सेंमीला किंचित कमी. मोजपात्र गेल्या जुलैत फुटलं होतं, तेव्हा मीच लातूरहून नवीन आणलं. दुकानात "पावसाचं मोजपात्र द्या" म्हणालो, त्याने दिलं.

तुलना आज बसून केली. २०२३ आणि २०२४ मध्ये कधी आमचा जास्त, कधी मंडळाचा. २०२४ च्या जूनात एका दिवशी वीजगर्जनेसह आमच्याकडे ४४ झाला आणि मंडळात फक्त ९. २०२५ च्या जुलैनंतर मात्र जवळपास प्रत्येक मोठ्या पावसाला आमचा आकडा दुप्पट आहे. ३० ला १५, ४६ ला २४, असंच.

निवृत्त निरीक्षक:
सर, वाईट वाटून घेऊ नका, पण ढगाला पाढे येत नाहीत. एक दिवस पाचपट फरक पडू शकतो. एका शिवारात पाणी, बांधापलीकडे धूळ, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. पण महिनोन्‌महिने नेमका दुप्पट आला तर तो ढगाचा गुण नाही, काचेचा आहे.

आपल्याकडे नरसाळी दोन मापांची येतात, १०० चौरस सेंमी आणि २०० चौरस सेंमी. १६ सेंमी व्यासाचं म्हणजे तुमचं २०० चं. त्यात १ मिमी पाऊस म्हणजे २० मिली पाणी. १०० च्या नरसाळ्यात तोच १ मिमी म्हणजे १० मिली. म्हणून मोजपात्रावरच्या रेघा नरसाळ्यागणिक वेगळ्या असतात. मेडिकलमधून सिरिंज आणा, बरोबर २० मिली पाणी मोजपात्रात सोडा आणि रेघ वाचा.

मांजराकाठी:
सोडलं. लेकरांसमोरच सोडलं. रेघ २ वर आली.

म्हणजे ११८ नव्हे, ५९. मंडळाच्या ६१ पेक्षाही दोन कमी. रात्री झोप लागली नाही हो. ही वही घेऊन तहसीलला गेलो असतो तर?

गोदाकाठचा:
अरे देवा. सर, माझा जिल्हाधिकाऱ्यांचा सल्ला मागे घेतो.

निवृत्त निरीक्षक:
गेला नाहीत ना, मग झालं. आता वही कशी दुरुस्त करायची ते ऐका. जुना आकडा खोडू नका, त्यावर व्हाइटनर तर अजिबात नको. शेजारी नवा रकाना आखा, निम्मा आकडा लिहा आणि पानाच्या वर कारण टाका की अमुक तारखेपासून मोजपात्र चुकीचं होतं. चूक दाबलेल्या वहीपेक्षा चूक मांडलेली वही जास्त टिकते.

मदतीच्या निकषात मंडळाच्या केंद्राचाच आकडा धरतात, शाळेची वही त्या जागी बसणार नाही, हे पारावर स्पष्ट सांगा. शेतातलं नुकसान पंचनाम्यात येतं, त्यासाठी तलाठी आणि कृषी सहायकाला बांधावर न्यायचं. वहीचं काम वेगळं आहे. तुमचा खरा माल तो ४४ आणि ९ चा दिवस आहे. तो बरोबर मोजपात्राने मोजलेला. असे दिवस तीन-चार वर्षांत किती, हे मांडलंत तर मंडळाला एकच केंद्र पुरतं का, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला जुलै १९९७ मध्ये असंच झालं. शहराच्या एका भागात काही तासांत फूटभराहून जास्त पाऊस, दुसऱ्या भागात किरकोळ. पूर आला, माणसं गेली. पुढच्या वर्षी तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी घरोघरी साधी पर्जन्यमापकं लावून घेतली. त्यातून 'कोकोराझ' नावाचं हजारो लोकांचं जाळं झालं. तेही शून्याची नोंद आवर्जून मागतात. तुमच्या त्या आठवडाभर आगाऊ शून्यं लिहिणाऱ्याला सांगा.

मांजराकाठी:
सांगतो! एक गाठ मात्र राहिली होती, जुनी काच फुटली नेमकी कधी? नव्या मोजपात्राचं बिल किरकोळ खर्चाच्या फायलीत सापडलं, ११ जुलैचं. वर्गात विचारलं तर सगळे गप्प. मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी आली. म्हणाली, "सर, आषाढीच्या आदल्या दिवशी फुटली. माझ्याच हातून. तुम्ही नवी आणेपर्यंत मी बाटली हलवून बघायचे आन् अंदाजानं लिहायचे." त्या दिवसांतले आकडे १२, ७, १९ असे इतके खरे वाटतात की मला तीन वर्षांत शंका आली नसती. त्या सगळ्या आकड्यांपुढे तिनेच "अंदाज" असं लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. मी सांगितलं नव्हतं.

पारावर काल सगळं सांगून टाकलं, सिरिंजसकट. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक मामा म्हणाले, "गुरुजी, ती नवी काचच ऱ्हाऊ द्या, लई चांगलीय." सगळे हसले, मीही हसलो, पण सोयाबीन काही हसण्यासारखं नव्हतं. तलाठ्यांना कुणी फोन करायचा ते तिथेच ठरलं.

२०० चौरस सेंमीच्या नरसाळ्याचं मोजपात्र लातुरात दोन दुकानांत मिळालं नाही. छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला कुणी पाहिलं असेल तर कळवा. तोवर सिरिंजने मोजतोय, २० मिलीला एक.