डभोईचा चोपडा: तुमच्या खात्यात काय जमा आहे?

परवा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मुंजीत आम्ही सहाजण एका पंगतीला बसलो होतो. बोलता बोलता कळलं की सहाच्या सहा जणांचा डभोईशी कुठला ना कुठला धागा जुळतो. कुणाची पहिली नोकरी तिथली, कुणाचं सासर त्या बाजूचं, कुणाचे आजोबा गायकवाडीत तिथे वहिवटदार, म्हणजे तालुक्याचे अधिकारी होते. बडोद्याहून तीसेक किलोमीटर. २०११च्या जनगणनेत वस्ती पन्नास हजारांच्या जरा वर. आपण बडोदेकर त्याला खेडं म्हणतो आणि डभोईकरांना ते झोंबतं.

हीरा भागोळ या जुन्या वेशीचं कोरीवकाम, भिंतीत चिणलेल्या शिल्पकाराची दंतकथा, दर्भावती हे जुनं नाव, हे सगळं शाळेच्या सहलीत ऐकून झालंय. ते नको. तिथे पैसा कसा फिरायचा, उधार कोण कुणाला द्यायचं, ताप चढला तर कुठे पळायचं, शेवटची बस हुकली तर रात्र कुठे काढायची, हे या धाग्यात लिहा. सुरुवात मीच करतो.

१९९२ साली एका बँकेच्या तिथल्या शाखेत मी क्लार्क म्हणून लागलो. बँकेचं नाव सांगत नाही, कारण पुढे वाचाल. कापसाचा हंगाम होता. एका शेतकऱ्याचा पीककर्जाचा अर्ज आला. मी नव्या उत्साहात सातबारा, आठ-अ, दोन जामीनदार, सगळं मागितलं. तो माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही दोन जामीन मागता. शेठ एकही मागत नाहीत." आणि गेला. चार दिवसांनी मॅनेजरसाहेब मला म्हणाले, चल, जरा चौकशीला जाऊ. मला वाटलं शेतावर. ते मला घेऊन गेले त्याच शेठच्या पेढीवर!

पांढरी गादी, लोड, समोर उतरतं लाकडी डेस्क, वर लाल कापडात बांधलेले चोपडे. दोरा सोडून, घडी उलगडून शेठनी एक पान काढलं. त्यावर तीन पिढ्यांची नावं होती. अमक्याच्या बापानं कुठल्या साली किती कापूस घातला, मुलीच्या लग्नाला किती नेले, कुठल्या वर्षी पाऊस गेला म्हणून हिशेब पुढे ओढला. "आने आपजो, पेला ने ना आपता." याला द्या, त्याला नको. झालं आमचं फील्ड इन्स्पेक्शन. परत येऊन साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, 'स्थानिक चौकशीअंती समाधानकारक'.

शेठ काही संत नव्हते. व्याज ते उघड लावत नसत, कापसाच्या भावात कापून घेत. ज्यानं उचल घेतली त्याचा माल दुसऱ्या पेढीवर जायचा नाही, हा अलिखित करार. शेतकऱ्याला ते कळत नव्हतं असं समजू नका. पण रात्री दोन वाजता बायकोला दवाखान्यात न्यायचं तर बँकेचं शटर उघडत नाही, शेठचं उघडतं. पाच वर्षांत मी तिथे बँकिंग कमी आणि हेच जास्त शिकलो.

आता तुम्ही. आधी वर आपली ओळख, मग खाली मजकूर.

— वाडीतली निवृत्त शिक्षिका

मी १९८४ ते १९९१ डभोईला अप-डाऊन केलं, तेव्हाच्या छोट्या गाडीनं. नॅरोगेज म्हणजे अडीच फुटांचा रूळ. डब्यात समोरासमोर बसलं की गुडघे लागायचे. प्रतापनगरहून निघायची, केलनपूर, भिलापूर, थुवावी करत रमतगमत जायची. १८६२ साली मियागाम ते डभोई ही लाइन सुरू झाली तेव्हा गाडी बैल ओढत, इंजिनं नियमित धावायला १८७३ उजाडलं. आमच्या डब्यातला एक तलाठी रोज एकच विनोद करायचा, की बैल अजून काढलेले नाहीत, फक्त झाकलेत.

मी इतिहासाची, त्यामुळे भिलापूर आलं की मला राहवायचं नाही. १ एप्रिल १७३१ला थोरल्या बाजीरावानं सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांना इथेच गाठलं, दाभाडे पडले आणि गुजरातेत पुढे गायकवाडांचं बस्तान बसलं. म्हणजे आपण सगळे बडोद्यात आहोत ते एका अर्थी त्या स्टेशनामुळे. सांगून सांगून डब्यातल्या भाजीवाल्या बायकांना पाठ झालं होतं. भिलापूर आलं की त्याच म्हणायच्या, "बेन, तमारुं युद्ध आव्युं."

पण पैशाचं विचारलंत ना. सकाळी बडोद्याकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडक्यांना बाहेरून दुधाचे कॅन लटकलेले असत, आत पोत्यांत वांगी, पापडी, हंगामात बोरं. आमची गाडी उलट्या दिशेनं मास्तर, कारकून, नर्सा आणि पोस्टाच्या थैल्या घेऊन यायची. माल बडोद्याला आणि पगारदार डभोईला, असा तो सौदा. गाडी लेट झाली की स्टेशनबाहेरचा सगळा बाजार लेट. टांगेवाले झोपून, फुलवाली पाणी मारत बसलेली, चणेवाला गाणी म्हणत.

स्टेशनवर चहाची एक लारी, म्हणजे हातगाडी होती. चहावाल्याकडे पाटी होती, शाळेत असते तशी, लाकडी चौकटीची. आम्हा अप-डाऊनवाल्यांची नावं त्याला माहीत नव्हती, म्हणून तो चित्रं काढायचा. तलाठ्याला छत्री, पोस्टमास्तरांना टोपी, मला चष्मा. पुढे उभ्या रेघा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी मोजायच्या आणि पुसायच्या. माझी बदली एकदम महिन्याच्या मध्ये झाली. पर्समध्ये सुट्टे नव्हते. देणं अकरा रुपये. त्यानं माझ्यासमोर चष्म्यापुढच्या सगळ्या रेघा अंगठ्यानं पुसल्या, चष्मा मात्र तसाच ठेवला. "फरी आवो त्यारे आपजो, बेन." परत याल तेव्हा द्या. मी परत गेले ते सहा वर्षांनी, तेव्हा लारी नव्हती.

— कारेलीबागेतून

एवढं लिहिलंत आणि तूरडाळीचं नाव नाही? आमच्या आईची वर्षाची डाळ डभोईच्या बाजूची. फेब्रुवारी-मार्चात नवी तूर आली की मामा पोतं पाठवायचे. गच्चीवर ऊन द्यायचं, मग दिवेल (म्हणजे एरंडेल हो, पुण्याच्या सुनांसाठी सांगते) चोळून पत्र्याच्या डब्यात. किडीची बिशाद नाही. तो तेलकट वास हाताला चार दिवस राहायचा. मला तोच आठवतो, बाकी काही नाही.

— पटेलांच्या घरातली मराठी सून

माझं सासर खुद्द डभोईत नाही, तालुक्यातल्या एका गावात. प्रेमविवाह. लग्नानंतर पहिल्या संध्याकाळी सासूबाईंनी, म्हणजे आमच्या बांनी, हातात स्टीलची बरणी दिली आणि म्हणाल्या, चल मंडळीवर. मला वाटलं भजनी मंडळ. निघाली दूध मंडळी, म्हणजे दुधाची सहकारी संस्था!

सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा सगळं गाव तिथे. रांगेत बाई असो की सरपंच, बरणीचा नंबर तोच माणसाचा नंबर. दुधाचा थोडा नमुना काढायचा, फॅट बघायचं, चिठ्ठी हातात. म्हशीचं सात आलं की बांची मान ताठ, साडेपाच आलं की म्हशीला शिव्या आणि शेजारणीवर संशय. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कोण बाळंतीण आहे, कुणाची म्हैस आटली, सगळं त्या चिठ्ठीवरून गावाला कळतं. दूध कमी भरलं की सात जणी विचारणार, घरी कोण आलंय?

तिथून ते बडोदा डेअरीत. ती १९५७ची, म्हणजे बांच्या लग्नाआधीची. आलेल्या पैशाला गावात 'दुधाचा पगार' म्हणतात. शेतीचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो आणि तो पुरुषांच्या हातात जातो. दुधाचा थोडा थोडा, पण सतत येतो आणि तो बाईच्या हातात. सभासद म्हणून नाव सासऱ्यांचं, पासबुक मात्र बांच्या साड्यांच्या घडीत. वर्षाअखेर भावफेर मिळतो, म्हणजे वर्षभराच्या भावातला वरचा फरक. माझ्या नणंदेची बीएडची फी भावफेरातून गेली, आणि माझ्या मुलाच्या बारशाची सोन्याची चेनही.

२०१६च्या नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या तेव्हा पगार अडला. गावातल्या किराणावाल्यानं एकालाही परत पाठवलं नाही, वहीत लिहीत गेला. मग सगळ्यांचे पैसे थेट बँकेत यायला लागले. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण आता एटीएमचं कार्ड आमच्या ह्यांच्या खिशात असतं. बांना त्याचा पिन माहीत नाही. यावर घरात दोनदा वाद झालाय, तिसऱ्यांदा मी करणार आहे.

— सध्या मुक्काम पुणे

सगळ्यांचं गोड गोड चाललंय म्हणून जरा कडू लिहिते. २०१३ साली माझी पहिली नोकरी डभोईत होती. वय तेवीस, एकटी मुलगी. खोली मिळेना. प्रत्येक दारात पहिला प्रश्न पगार किती हा नाही, "तमे कोना घरनां?" तुम्ही कुणाच्या घरच्या? मी म्हणायचे, बडोद्याची, बाबाजीपुऱ्यातली. हे उत्तर चालत नाही. त्यांना डभोईतलं घर हवं असतं. दुसरा प्रश्न मच्छी-मटणाचा. मी खात नाही म्हटलं तरी आडनावाकडे बघून हसायचे. बारा दारं फिरले. शेवटी शाळेच्या बाईंनी एका घरमालकाला सांगितलं, "ए आपणी ज छोकरी छे", आणि भाडं न ठरवताच किल्ली हातात. त्या क्षणी आनंद झाला नाही, राग आला. मी तीच होते की.

त्याच वर्षी पावसाळ्यात माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला रात्री उलट्या-जुलाब. जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. आधी डिपॉझिट, मग पेशंट. आमच्याकडे दोघींचे मिळून सातशे. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, गावात कुणाला ओळखता? पुन्हा तेच! तेव्हा १०८ला फोन लावला. त्यांनी कुणाच्या घरच्या ते विचारलं नाही, फक्त कुठे उभ्या आहात ते विचारलं. सरकारी दवाखान्यात सलाइन लागलं, सकाळपर्यंत ठीक. शेठच्या चोपड्याचं कौतुक वाचलं वर. ज्याचं पान त्या चोपड्यात नाही त्यानं काय करायचं, एवढंच विचारते.

— धागा काढणारा

तुमचं बरोबर आहे. त्या शेतकऱ्याला कर्ज मिळालं, पण शेठनी 'ना' म्हटलेल्या दुसऱ्या माणसाचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही. त्याचा अर्ज माझ्याच हातानं परत गेला होता.

— वहिवटदारांचा नातू

आजोबांची डभोईची गोष्ट घरात एवढीच शिल्लक आहे. सयाजीरावांनी १९०६ला राज्यभर सक्तीचं शिक्षण केलं आणि १९१०पासून वाचनालयांचा सपाटा लावला. नियम असा की गावानं एक हिस्सा जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीनं द्यायचा, तेवढाच सरकारनं. आजोबांचं काम गावोगावी जाऊन तो पहिला हिस्सा जमवणं. रोख कुणी काढेना. एका गावात लोकांनी कापूस दिला, आजोबांनी तो विकून वर्गणी भरली आणि दप्तरात कसं दाखवायचं म्हणून आठवडाभर डोकं खाजवलं. ते घरी मराठी, कचेरीत गुजराती, आणि चिडले की दोन्ही एकदम.

— मांजलपूरहून, दरवर्षी चांदोदला जाणारा

वडिलांच्या अस्थी घेऊन २००९ला चांदोदला गेलो तेव्हा डभोईहून पुढे छोटी गाडी होती. नर्मदेवर उतरलो, नावाड्यानं तोंडाला येईल तो आकडा सांगितला, काकांनी त्याच्या निम्मा सांगितला, अर्धा तास हुज्जत. तीर्थगोरांनी, म्हणजे तिथल्या पुरोहितांनी, वही काढली, त्यात आमच्या पणजोबांची सही, मोडीत! मोडी वाचणारं आमच्यात कुणी नाही, त्यांनीच बोट ठेवून दाखवली.

आता गाडीचा रूळ रुंद झाला आणि २०२१च्या जानेवारीपासून थेट केवडियापर्यंत जातो. ३१ ऑक्टोबर २०१८ला तिथला सरदार पटेलांचा पुतळा खुला झाला, त्याच्या आधीपासून रस्ता चौपदरी व्हायला लागला होता. लोकांना वाटतं डभोईचं भलं झालं. ज्याची जमीन हायवेला लागून, त्याचं झालं. गावातल्या भांडीवाल्याला विचारा. पूर्वी लग्नाचा बस्ता, भांडी, दागिने, सगळं आसपासची खेडी डभोईत करायची. आता पाऊण तासात बडोदा, मग डभोईत का थांबतील? पर्यटक तर काच खाली न करता निघून जातात. तो मला म्हणाला, "रस्तो सारो थयो एटले घराक भागी गयो." रस्ता चांगला झाला म्हणून गिऱ्हाईक पळालं. तरी पितळेचा तांब्या मी त्याच्याकडूनच घेतो, आणि तो अजूनही उधार ठेवायचा का विचारतो, मी क्यूआर कोडसमोर मोबाइल धरलेला असताना.

गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीला जाणारे आपले लोक मात्र अजून डभोईत चहाला थांबतात. बसस्टँडबाहेर, डाव्या हाताची लारी. पाटी वगैरे नाही, बाई.

— कारेलीबागेतून, पुन्हा

ते जाऊ दे. फेब्रुवारीत डभोईकडे कोण जाणार आहे? मला वीस किलो तूर हवी, दिवेल न लावलेली. ते मी घरी लावीन. पैसे आधी पाठवते.