मदत हवी आहे: गावातले वीरगळ वाचवायला नक्की कुणाकडे जायचं?

नमस्कार मंडळी. गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला, नोकरी कोल्हापुरात. गावात महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार निघालाय. देवळामागं पाच वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, उघड्यावर पडून आहेत. एकावर तर खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा, सगळं अजून नीट दिसतं. कमिटीचं ठरलंय की ते ओळीनं सिमेंटात बसवायचे आणि चंदेरी ऑइलपेंट मारायचा. अध्यक्ष आमचेच थोरले चुलते, त्यामुळे जास्त बोलताही येत नाही.

पन्हाळा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला म्हणून मला आधी वाटलं, युनेस्कोलाच लिहावं (हसू नका). मित्र म्हणतो पुरातत्त्व खातं. त्यातही केंद्राचं वेगळं, राज्याचं वेगळं. कुणी इंटॅक ही वारसा जपणारी संस्था सांगतं, कुणी महापालिकेची हेरिटेज समिती. एका कार्यालयात गेलो तर "आमच्या यादीत नाही" म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावलं. जाणकारांनी सांगावं, यातलं कोण काय करतं?

तटसरनौबत:
यादीत नाही म्हणाले ते खरंच असणार. सगळा खेळ संरक्षित स्मारकांच्या यादीचाच आहे. पन्हाळा आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर केंद्राच्या, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात. प्रतापगड मात्र राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडं, आणि तरी पन्हाळा नि प्रतापगड दोन्ही युनेस्कोनं २०२५ मध्ये एकत्र यादीत घेतलेल्या १२ किल्ल्यांत! युनेस्को कुठल्या किल्ल्याचा दगड बसवायला येत नाही. ती मान देते, लक्ष ठेवते. राखायचं काम ज्या त्या देशाचं.

एक तपासा. देऊळ केंद्राच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत असेल तर नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. तसं असेल तर कमिटीला कागद दाखवूनच थांबवता येईल.

हेरिटेज समितीचा नाद सोडा, ती शहराच्या हद्दीपुरती.

पेठकरी:
तुमच्या कामाला मला इंटॅक बरी वाटते. १९८४ पासूनची बिनसरकारी संस्था. कुठल्याच यादीत नसलेल्या गोष्टींकडंही ती बघते. नोटीस काढायचा अधिकार तिला नाही, पण जाणता माणूस गावात येऊन बोलला तर चुलते ऐकतील. पुतण्याचं कोण ऐकतंय?

सोबत राज्याच्या खात्याकडं लेखी अर्ज टाकाच. संरक्षित म्हणून जाहीर करणं त्यांच्या हातात आहे, फक्त वेळ लागतो. कोल्हापुरातलं टाउन हॉलचं म्युझियम त्यांचंच, सुरुवात तिथनं करा. जाताना प्रत्येक वीरगळाचे चारी बाजूंनी फोटो, उंची-रुंदी आणि जागेचा कच्चा नकाशा न्या. नुसत्या तोंडी तक्रारीला परत "यादीत नाही" ऐकाल.

आणि चुलत्यांना विरोध करू नका, पर्याय द्या. सिमेंटऐवजी मातीपासून उचललेला साधा चौथरा, वर पत्र्याची शेड, शेजारी माहितीचा फलक, त्यावर कमिटीची नावं. नावं म्हटल्यावर काम होतंय बघा.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. देऊळ पन्हाळ्याच्या तटापासून बरंच लांब आहे, म्हणजे ती १०० मीटरची वाट बंद. फलकाची गोष्ट आज रात्री काकांच्या कानावर घालतो.

एक राहिलंच. पाचातल्या एकाला पोरांनी गणपतीत आधीच रंग फासलाय. थिनरनं काढू का?

पेठकरी:
अजिबात नको. तारेचा ब्रशही नको. आहे तसा राहू दे, जाणकार येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका.